ओठ न हलवता

उत्कर्षाने आइस्क्रीमची लाकडी काडी राजनंदिनीच्या हातात दिली आणि ती ओठांमध्ये आडवी धरून तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. काचेच्या पलीकडे बसलेल्या सुदर्शनला हसू आलं, पण ते त्याने हेडफोन नीट करण्याच्या निमित्ताने लपवलं.

"कर्रा थिरेत," राजनंदिनी म्हणाली.

"काडी हलली. पुन्हा."

राजनंदिनी नाटकात काम करणारी मुलगी होती. आवाज उत्तम, पण सवय अशी की प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचलाच पाहिजे. उत्कर्षाला नेमकं उलट हवं होतं. शेजारच्या माणसाला शब्द कळावा, आणि समोरच्याला कोणी बोललं हेसुद्धा कळू नये. तिने तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मग खुर्चीवर बसवलं, शेवटी जेवायला बसल्यासारखी मान खाली घालायला लावली. तेव्हा ते जमलं. वाक्य बारीक, सपाट, घशाच्या मागून आलं आणि काडी जागची हलली नाही.

सुदर्शनने अंगठा वर केला. उत्कर्षाने कागदावर खूण करायला पेन टेकवलं, पण खूण न करताच ते खाली ठेवलं. मग पाणी पिऊन येते म्हणाली आणि बाहेर गेली.

सुदर्शनची कंपनी कर्वेनगरात एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर होती. अमरावतीहून शिकायला म्हणून आलेला हा मुलगा काही वर्षं दुसऱ्यांचे व्हिडिओ गेम रंगवत होता. आता मित्रांना जमवून स्वतःचा करत होता. त्याच्या गेममधलं जग एका तलावाखाली होतं. धरण झालं, खोरं बुडालं, आणि तिथली माणसं वर आलीच नाहीत. पाण्याखालीच राहू लागली. वरून होड्यांतून पहारेकरी फिरत. खालून बोलण्याचा आवाज आला की ते जाळी टाकत. या खालच्या लोकांना त्यांची स्वतःची भाषा हवी होती, आणि भाषाविज्ञान शिकवणारं कोणी पुण्यात आहे का, असं शोधत तो उत्कर्षापर्यंत आला होता. ती तेव्हा दोन कॉलेजांत तासांवर शिकवत होती. कर्वेनगरातच भाड्याच्या घरात एकटी राहायची.

पहिल्या भेटीत त्याने स्वतः तयार केलेली नावं दाखवली होती. प्रत्येक नावाच्या मधोमध एकदोन स्वल्पविराम लटकत होते.

"ही भाषा नाही," ती म्हणाली होती. "वाचणाऱ्याला ठेच लागावी म्हणून केलेली सोय आहे."

तो ओशाळला, पण चिडला नाही. "मग मॅम, भाषा सुरू कुठून होते?"

"त्या लोकांना काय बोलता येत नाही, तिथून."

पुढच्या वेळी ती आवाज ठरवूनच आली. त्यांत प, फ, ब, भ, म, व नव्हते. उ आणि ओ नव्हते. ओठ मिटावे लागतील किंवा पुढे काढावे लागतील असा एकही आवाज नव्हता. सुदर्शनने कारण विचारलं, तेव्हा तिने क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं आणि सांगितलं, की पाण्याखाली राहणारी माणसं ओठ कशाला हलवतील, तोंडात पाणी जाईल. त्याला ते इतकं आवडलं की त्याने उठून ते फळ्यावर लिहिलं.

मग तिने व्याकरण आणलं. या भाषेत प्रत्येक क्रियापदाची दोन रूपं होती. कोणी ऐकत नसेल तर 'येतो आहे' म्हणजे थिरिक. कोणी ऐकत असेल तर थिरेत. अर्थ तोच, फरक इतकाच की दुसरं रूप कानावर पडलं तर उत्तर द्यायचं नाही, मान वर करायची नाही, हातातलं काम चालू ठेवायचं. भूतकाळ नव्हता. घर आणि लपायची जागा यांना एकच शब्द होता. मोठ्याने बोलणं यासाठी शब्दच नव्हता. 'कर्रा' म्हणजे पूर, असं तिने सांगितलं. वरचे लोक धरणाची दारं उघडतात तेव्हा येणारा. भाषेचं नाव सिर्णाळी ठेवलं. परदेशातल्या खेळणाऱ्यांना ळ म्हणता येणार नाही, तो काढा, असं सुदर्शन म्हणाला, त्यावर म्हणता येत नसेल त्यांनी ऐकावं, असं ती म्हणाली, आणि ळ राहिला.

ऑफिसातल्या मुलांनी ही भाषा हौसेने उचलली. पैसे लावणारे लोक पाहणी करायला यायचे असले की मुलं एकमेकांना 'कर्रा थिरेत' म्हणू लागली आणि हसू दाबत कॉम्प्युटरकडे वळू लागली. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा उत्कर्षा चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने तो कप टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी चहा घेतलाच नाही.

"हे सगळं सुचतं कसं तुम्हाला?" सुदर्शनने एकदा विचारलं.

"वाचनातून," ती म्हणाली.

तिला ते सुचलं नव्हतं. ती भाषा तिला येत होती.

खडकवासल्याच्या अलीकडे, आता पुण्यातच मोडणाऱ्या गावात लहानपणी उत्कर्षाचं घर होतं. मागे गोठा, पुढे भाताची खाचरं. वडील आप्पासाहेब म्हशी राखायचे आणि शहरात दूध घालायचे. पायात करकर वाजणाऱ्या वहाणा असायच्या. ती करकर अंगणात आली की घरातल्या हालचाली बदलायच्या. आई, वासंती, चुलीपाशी नुसतीच काहीतरी हलवत बसायची. कधी काही व्हायचं नाही. कधी भाजीत मीठ जास्त असायचं, कधी गिऱ्हाईक सुटलेलं असायचं, कधी कारणच नसायचं. आईच्या दंडावर वळ उठायचे आणि ती लांब बाह्यांचे ब्लाउज घालायची. मुलांना त्या मानाने कमी मार बसायचा. मुलांनी त्यांच्यासमोर बोललेलं मात्र त्यांना चालायचं नाही.

उत्कर्षा आणि तिच्यापेक्षा तीनेक वर्षांनी लहान भाऊ रणजित यांनी आधी च लावून बोलून पाहिलं. पण ते बोलणं शाळेत सगळ्यांना यायचं, आईलाही यायचं. मग त्यांनी शब्दच बदलायला घेतले. वडिलांना नाव पडलं कर्रा, त्या वहाणांवरून. जेवताना समोर आप्पासाहेब बसलेले असायचे, म्हणून ओठ हलवायचे नाहीत असं ठरलं, आणि ओठ हलवणारे सगळे आवाज आपोआप गळून गेले. कर्रा थिरेत म्हणजे तो आलाय, आणि रागात आहे की नाही ते अजून माहीत नाही. माळ्यावर जा, आईपाशी जा, हसू नकोस, दप्तर आवर, हे सगळं त्या भाषेत होतं. तिला त्यांनी नाव दिलं नव्हतं. 'आपल्यात सांग' एवढंच म्हणायचे.

उत्कर्षा सातवीत असताना आईने तिला गोठ्यात बोलावून सांगितलं, की उद्या शाळेत जायचं नाही, आप्पा दूध घालायला गेले की आपण स्वारगेटला जायचं आणि तिथून सासवडला मामाकडे. परत यायचं नाही. रणजितला आत्ता सांगू नकोस, लहान आहे, असंही ती म्हणाली. उत्कर्षाने त्याला सांगितलं. त्याचा कापडी घोडा मागे राहिला असता आणि तो रडला असता, म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी स्वारगेटला सासवडच्या गाडीपाशी आप्पासाहेब उभे होते. पांढरे कपडे, हातात दुधाच्या हिशोबाची पिशवी. त्यांनी आईच्या हातातलं गाठोडं घेतलं. मुलांना विचारलं, रस पिणार का. सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि रिक्षात बसवलं, आणि घरापर्यंत स्वतः मोटरसायकलवरून रिक्षाच्या मागे आले. त्या दिवशी काहीच झालं नाही. जे व्हायचं होतं ते पुढच्या महिन्यांत थोडं थोडं करून झालं. आई पुन्हा कधी सासवडला गेली नाही. मामा वारला तेव्हाही नाही.

सासवडला जायचा बेत घरात तिघांनाच ठाऊक होता. आई सांगणार नाही. उत्कर्षाने सांगितलं नव्हतं. त्या दिवाळीला रणजितला नवी सायकल मिळाली, लाल, घंटीची. उत्कर्षाने ती एकदाही चालवून पाहिली नाही. जूनमध्ये तिला कर्वेनगरच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं; ते तिनेच मागून घेतलं होतं, आणि आप्पासाहेब आश्चर्य वाटावं इतक्या लवकर हो म्हणाले. बहीणभाऊ त्या भाषेत पुन्हा बोलले नाहीत. भांडलेही नाहीत. पुढे दर भाऊबीजेला ती जायची, ओवाळायची, पाकीट घ्यायची, जेवून निघायची. आई गेली तेव्हा दहाव्याला दोघं शेजारीशेजारी उभे होते आणि कावळ्याच्या पलीकडे कोणाकडेच पाहत नव्हते.

आवाज रेकॉर्ड झाल्यावर महिन्याभरात गेमची छोटी जाहिरात आली. काळं पाणी, वरून सरकणारी होडीची सावली, आणि राजनंदिनीचा तो बारीक सपाट आवाज. शनिवारी सकाळी उत्कर्षाला रणजितचा फोन आला. तो एरवी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी फोन करायचा.

"ताई, सोनूनं टीव्हीवर लावलं व्हतं ते तुझं," तो म्हणाला. सोनू त्याची मुलगी. "उद्या ये. फोनवर नको."

ती रविवारी दुपारी गेली. गोठ्याच्या जागी आता सात मजली इमारत होती आणि तिच्यात रणजितला बिल्डरकडून मिळालेला मोठा फ्लॅट होता. खाली त्याचं सिमेंट, वाळू, टाइल्सचं दुकान. त्याची बायको चैताली दार उघडून हसली, बसा ताई म्हणाली, आणि पोहे करायला आत गेली. सोनू क्लासला गेली होती. आप्पासाहेब गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसले होते, शेजारी वॉकर, मांडीवर पेपर. अंग आटलं होतं. उत्कर्षाने वाकून नमस्कार केला, त्यांनी हात जरासा उचलला.

"बरी हायस?"

"हो."

एवढंच. त्यांच्यात एवढंच बोलणं होत असे.

पोहे आले. रणजित सोफ्याच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. वडिलांसमोर विषय काढायचा कसा हे दोघांनाही सुचत नव्हतं. आतल्या खोलीत चला म्हणावं तर चैतालीला काय वाटेल, हेही होतं. रणजितने दोन घास खाल्ले, कोथिंबीर बाजूला सारली, आणि ताटलीकडे पाहत, चेहऱ्यावरची एकही रेषा न हलवता म्हणाला,

"झी सिलेत."

उत्कर्षाला आधी अर्थ कळला आणि तो कोणत्या भाषेत कळला ते मागाहून लक्षात आलं. तू सांगतेस, किंवा सांगितलंस; त्या भाषेत दोन्ही एकच. कोणी ऐकत असतानाचं रूप. नियमाप्रमाणे तिने मान वर केली नाही. तिचा हात आपोआप चमच्यावर चालू राहिला.

गेमच्या लोकांना सांगितलंस, असं तो म्हणतोय, असं तिला वाटलं. ओठ मिटून, घशाच्या मागून, शब्द चाचपत तिने उत्तर दिलं, की कोणालाच सांगितलं नाही, ती भाषा कुठली आहे हे तिथे कोणाला माहीत नाही. स्वतः बांधलेली सिर्णाळी तिला धडाधड येत होती. ही जुनी, तोकडी भाषा मात्र अडत होती.

रणजितने मान हलवली. आता नव्हे, तेव्हा, हे त्याला म्हणायचं होतं. पण त्या भाषेत तेव्हा नव्हतं. मुलांना भूतकाळ कधी लागलाच नव्हता. त्याने ताटली खाली ठेवली.

"स्वारगेट," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचे ओठ हलले.

"मी?" उत्कर्षा मराठीत म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मी सांगितलं असं वाटतं तुला?"

"मग कुणी? जूनमध्ये तुला होस्टेल मिळालं. मागितलं अन् मिळालं. आमी इथंच ऱ्हायलो."

"तुला सायकल मिळाली."

"सायकल?" रणजित तिच्याकडे बघत राहिला. "तू सायकलवरनं... ताई, नऊ वर्षांचा व्हतो मी."

"मी बाराची होते."

चैताली स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली, काय चाललंय ते न कळून परत आत गेली. रणजितने कपाळावरून हात फिरवला. त्याचे केस कानापाशी पांढरे झाले होते; इतक्या जवळून तिने ते पहिल्यांदा पाहिले. खोटं बोलताना तो लहानपणी डावा डोळा बारीक करायचा. आता करत नव्हता.

"कुनी न्हाई सांगितलं," आप्पासाहेब म्हणाले.

त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला होता. नजर बाहेर, समोरच्या इमारतीवर होती.

"आदल्या सांजंला जेवताना तूच म्हनालीस त्याला. उद्या शाळा न्हाई. आई, येष्टी, मामा. म्या समोर भाकरी खात व्हतो."

आतून कुकरची शिट्टी झाली.

"तुमाला कळायचं?" रणजितने विचारलं.

"म्हशीचं कळतंय, कुत्र्याचं कळतंय. तुमचं न कळाया काय झालं. रोज ऐकत व्हतो." मग ते म्हणाले, "कर्रा म्हंजी मी. कर्रा थिरेत."

त्यांनी ते अगदी बरोबर म्हटलं. ओठ मिटलेले, र वर तोच जोर, शेवटचा त गिळलेला. राजनंदिनीला काडी धरून जे साधायला अर्धा दिवस लागला होता ते त्यांच्या तोंडात तयार होतं. उत्कर्षाने ताटली टीपॉयवर ठेवली. ठेवताना आवाज होऊ नये याची तिने काळजी घेतली, आणि ती घेतली हे तिच्या लक्षात आलं.

"मग बोलला का नाहीत कधी?" तिने विचारलं. "कळतं म्हणून?"

"बोललो असतो तर बंद केलं असतं तुमी."

"म्हणजे तुम्हाला सगळं कळत राहावं म्हणून."

आप्पासाहेब वॉकरच्या मुठीवरचा रबर अंगठ्याने दाबत होते. "माझ्याशी कुटं बोलत व्हता तुमी," ते म्हणाले. "घरात पोरांचा आवाज यायचा त्यो तेवढाच." मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून चैतालीला चहा टाकायला सांगितलं, साखर कमी.

उत्कर्षाला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडायला तोंड उघडलं तर काय बाहेर येईल याचा तिला अंदाज नव्हता. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं. सुजलेले पाय, घोट्यापर्यंत लोकरी मोजे, रबराच्या सपाता. त्या रात्रीचं जेवण तिला आठवत होतं. पिठलं होतं. रणजितला तिने ते सांगितलं तेव्हा तिला स्वतःचा अभिमान वाटला होता, की किती सफाईने सांगितलं, त्यांच्या नाकासमोर.

चहा झाल्यावर ती निघाली. कोणी थांब म्हटलं नाही. चैताली तेवढी जेवून जा म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच आग्रह होता. आप्पासाहेबांनी पुन्हा पेपर उघडला होता. रणजित तिच्याबरोबर खाली आला.

पार्किंगमध्ये पाण्याचा टँकर उभा होता. धरण इतक्या जवळ असून इमारतीला टँकर लागायचा. जाड पाइपातून टाकीत पाणी पडत होतं आणि त्याच्या पंपाचा आवाज इतका होता, की शेजारी उभं राहूनही बोललेलं कळत नव्हतं. रणजित काहीतरी म्हणाला.

"काय?"

"वापर ती," तो ओरडून म्हणाला. "तुझ्या गेमला. मी नको म्हणायला बोलावलं व्हतं तुला. आता माझं काय नाय."

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही ठरवता आलं नाही. पर्समधून स्कूटरची किल्ली काढली आणि हातात धरून ठेवली.

"इतकी वर्षं," ती म्हणाली, पण ते पंपात बुडालं. रणजितने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. मग तोच जरा वाकला आणि तिच्या कानाशी विचारलं,

"आईनं तुला कधी विचारलं?"

"काय?"

"कुणी सांगितलं म्हणून."

उत्कर्षाने आठवून पाहिलं. आई वसतिगृहात भेटायला यायची, डब्यात धपाटे आणायची, बाकावर बसून तिच्या वेण्या घालायची. परीक्षेचं विचारायची, जेवणाचं विचारायची.

"नाही. तुला?"

"नाय."

टँकरवाल्याने पंप बंद केला. एकदम शांतता झाली. दोघंही थोडे मागे सरकले, कोणीतरी रागावल्यासारखे. टँकरवाला पाइप गुंडाळत, कोणाशी तरी मोबाइलवर हसून बोलत पुढे गेला. रणजितने त्याला लांब जाऊ दिलं.

"तिची ती गाठ," तो म्हणाला. आता हळू बोलता येत होतं. "वर्षभर तिला ठाऊक व्हतं, ताई. डॉक्टरनं नंतर सांगितलं मला. तपासण्या तिनं एकटीनं केल्या. बसनं जायची, बसनं यायची. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात उभी ऱ्हायली अन् म्हणाली, रिक्षा बोलव. मी विचारलं कुठं, तर दवाखान्यात. आदल्या सांजंला माझ्यासंगट बसून जेवली व्हती. एक शब्द नाय."

"मला तर वॉर्डातून फोन आला," उत्कर्षा म्हणाली. "नर्सने लावून दिलेला."

तिला आईच्या दहाव्याचा दिवस आठवला. नदीकाठी जमलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, वासंतीबाईंना कोणाला त्रास द्यायला आवडायचं नाही, अगदी पोटच्या पोरांनासुद्धा नाही. कोणीतरी उत्कर्षाकडे वळून खरं ना, असं विचारलं होतं. आणि ती हो म्हणाली होती, आईचा स्वभावच होता तो. पण गोठ्यात तिला बेत सांगितला होता, त्यानंतर आईने कुठलीच गोष्ट पोरांना आधी कळू दिली नव्हती.

रणजितने तिच्या हातातून किल्ली घेतली, स्कूटर स्टँडवरून काढून तोंड गेटकडे फिरवून दिली. ती बसली. त्याने हँडल सोडलं नाही.